मुदत आणि जमीन

इ.स.पू. २७ च्या १३ जानेवारीला पस्तीस वर्षांच्या ऑक्टेव्हियनने रोमच्या सिनेटसमोर जाहीर केलं, की आपल्या हातातली सगळी सत्ता आपण सिनेट आणि जनतेला परत करत आहोत. तीन दिवसांनी सिनेटने त्याला 'ऑगस्टस' ही पदवी दिली. ज्या प्रांतांत सैन्य होतं, त्यांतले बहुतेक प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्याच हवाली केले. ती दहा वर्षं पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची चाळीस वर्षं, सैन्य त्याच्याकडेच राहिलं. प्रजासत्ताक पुन्हा उभं राहिल्याची अधिकृत घोषणा आणि एका माणसाच्या राज्याची सुरुवात एकाच आठवड्यात झाली.

एवढं जुनं, एवढं चिवट राज्य तिथवर कसं पोचलं, यावर एका आत्या-भाचीचा वाद खाली मांडतो आहे. आत्यांची हयात दिवाणी वकिलीत गेली. भाची प्राचीन रोममधल्या जमिनी, कर्जं आणि सैन्य यांचा अभ्यास करते. दोघींना समान माप घालायचा प्रयत्न मी केलेला नाही. माझा कल भाचीकडे आहे, पण आत्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही.

आत्या : माझ्या मते रोमचं प्रजासत्ताक म्हणजे सत्तेला घातलेली मुदत. इ.स.पू. ५०९ मध्ये टार्क्विन राजाला हाकलल्यावर त्यांनी राजाचे अधिकार फारसे कमी केलेच नाहीत. ते दोघांत वाटले आणि वर्षापुरते दिले. दोन कॉन्सल, दोघांना समान अधिकार, एकाने दुसऱ्याला अडवायचं, वर्ष सरलं की पायउतार व्हायचं. पद गेलं की खटलाही भरता येई. संकट आलंच तर डिक्टेटर नेमायचा, तोही फार तर सहा महिने. शिवाय सामान्यांनी निवडलेले दहा ट्रिब्यून. त्यांतला एक जरी 'नाही' म्हणाला तरी काम थांबायचं. त्याच्या अंगाला हात लावणं हे पाप. यातलं बरंचसं कुठे लिहिलेलं नव्हतं. वाडवडिलांची रीत, एवढाच आधार.

भाची : कोणाच्या वाडवडिलांची, आत्या? कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणसं एकेक करून मोजत नसत, गट मोजत. १९३ गट. श्रीमंतांचे गट आधी मत देत. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही असे लोक हजारोंनी असले तरी सगळे मिळून एकच गट, तोही शेवटचा. बहुमत झालं की मतदान थांबायचं, त्यामुळे त्यांची पाळी बहुधा यायचीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि शेवटी न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी रोमच्या प्लेबियन, म्हणजे सामान्य, लोकांचा दाखला दिलाय. त्यांनी कॉन्सलपदाचा हक्क मिळवला, पण निवडून आलेला माणूस देवतेला मान्य आहे की नाही, हे सांगणं वरच्या वर्गाच्या हाती राहिलं. म्हणून खमका, स्वतंत्र प्लेबियन त्या पदावर पोचला नाही, असं बाबासाहेबांचं म्हणणं.

आत्या : देवाचं नाव घेऊन अडवायची सोय शेवटपर्यंत होती, हे खरं. ५९ मध्ये सीझरचा जोडीदार कॉन्सल बिब्युलस घरात बसून 'मी आकाशातले शकुन पाहतोय' एवढं जाहीर करत राहिला, आणि त्या आधारावर सीझरचे सगळे कायदे रद्द ठरतात असा दावा झाला. पण हेच प्लेबियन त्या व्यवस्थेत दोनशे वर्षं भांडले. कर्जासाठीची गुलामी हटवली, पदं मिळवली, आपल्या सभेचे ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक करून घेतले. आणि हे फारसं रक्त न सांडता.

भाची : १३३ पर्यंत.

आत्या : १३३ मध्ये नेमकं काय झालं, ते तूच सांग. मग मी माझं सांगते.

भाची : कार्थेज पडून तेरा वर्षं झाली होती. हॅनिबलच्या काळापासून इटलीतला शेतकरी वर्षानुवर्षं परदेशात लढत होता. जिंकलेली माणसं गुलाम होऊन इटलीत येत होती. सरकारी जमिनी बड्या लोकांनी बळकावल्या होत्या. एका माणसाने अशी जमीन ५०० युगेरा, म्हणजे साधारण तीनशे एकरांपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम आधीपासूनच होता, पण पाळत कोणी नव्हतं. टायबेरियस ग्रॅकस ट्रिब्यून झाला आणि म्हणाला, नियम पाळा, जादा जमीन काढून घ्या आणि भूमिहीनांना वाटा. एवढंच. पुन्हा निवडून यायला उभा राहिला, तेव्हा स्किपिओ नासिका नावाचा प्रमुख धर्माधिकारी सिनेटरांना घेऊन सभेवर चालून गेला. बाकांचे मोडके पाय हातात घेऊन त्यांनी टायबेरियसला आणि त्याच्या सुमारे तीनशे माणसांना ठेचून मारलं. प्रेतं टायबर नदीत फेकली. ज्याच्या अंगाला हात लावणं पाप, त्याला धर्माधिकाऱ्याने मारलं. तुझी वाडवडिलांची रीत त्या दिवशी तिच्या रखवालदारांनीच मोडली.

आत्या : त्या दिवसाची बाजू मी घेणार नाही. पण त्याच्या आधीचं तू गाळलंस. त्याच्या कायद्याला ऑक्टेव्हियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकार दिला. तो त्याचा हक्क होता. टायबेरियसने काय केलं? सभेत ठराव मांडून ऑक्टेव्हियसला पदावरून काढलं. असं आधी कधी झालं नव्हतं. मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोच उभा राहिला. म्हणजे नकार चालत नाही आणि मुदत चालत नाही, हे दोन्ही पायंडे तुझ्या माणसाने पाडले.

भाची : भुकेल्यांच्या विरोधात वापरलेला नकार कशाला जपायचा?

आत्या : कारण चांगल्या कामाच्या आड येणारा नकार सहन केला, तरच वाईट कामाच्या आड येणारा नकार शिल्लक राहतो. वकिलीत हे रोज दिसतं. आपला अशील खरा आहे म्हणून प्रक्रिया वाकवली, की पुढच्या दाव्यात समोरचा तीच वाकवलेली प्रक्रिया आपल्यावर चालवतो. बारा वर्षांनी धाकटा ग्रॅकस उभा राहिला, तेव्हा सिनेटने एक नवाच ठराव शोधून काढला : राज्याला धोका आहे, कॉन्सलने वाटेल ते करून राज्य वाचवावं. ओपिमियस कॉन्सलने त्या जोरावर गायस ग्रॅकसच्या बाजूची तीन हजारांच्या घरात माणसं मारली आणि नंतर तिथे सलोख्याच्या देवीचं मंदिर बांधलं. त्याच्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पाहा, आता अपवादाला कायद्याचा कागद मिळाला होता.

भाची : कागद मिळाला, पण जमीन मिळाली नाही. मला तिथेच जायचंय. १०७ मध्ये मारियस कॉन्सल झाला. त्याला आफ्रिकेतल्या युद्धासाठी माणसं हवी होती. तोवर सैन्यात यायला थोडी तरी मालमत्ता लागे. शेतकरी उखडला गेल्याने तशी माणसं कमी पडत होती. मारियसने काहीच नसलेल्यांनाही भरती केलं. आता विचार कर, युद्ध संपल्यावर हा माणूस कुठे जाणार? परतायला शेत नाही. त्याला जमीन कोण देणार? सिनेटने याचं उत्तर कधीच दिलं नाही. दरवेळी सेनापतीने आपल्या माणसांसाठी भांडायचं, सिनेटने अडवायचं, मग सेनापतीने एखाद्या ट्रिब्यूनला हाताशी धरून, रस्त्यावर माणसं उतरवून कायदा करून घ्यायचा. सैनिकाने पाहिलं, की आपल्या म्हातारपणाची सोय राज्य करत नाही, सेनापती करतो. मग तो कोणाचा सैनिक झाला?

आत्या : आणि तुझा मारियस १०४ ते १०० अशी सलग पाच वर्षं कॉन्सल राहिला. दहा वर्षांच्या आत तेच पद पुन्हा नको, असा दंडक असताना. उत्तरेकडून किंब्री आणि ट्यूटन टोळ्या येत होत्या, कारण पक्कं होतं. प्रत्येक वेळी कारण पक्कंच असतं.

भाची : ८८ पाहा. पूर्वेकडे मिथ्रिडेटीसशी युद्ध होतं, लूट मोठी मिळणार होती. नेतृत्व कॉन्सल सुल्लाला मिळालं होतं, ते ठराव करून म्हाताऱ्या मारियसकडे वळवलं. सुल्लाने सैनिकांना जमवून हे सांगितलं. मारियस दुसरीच माणसं नेईल आणि लूट त्यांना मिळेल, ही सैनिकांची भीती. निरोप घेऊन आलेल्या मारियसच्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचलं आणि सुल्लाला म्हणाले, चल रोमवर. सहा लिजन, म्हणजे सैन्याची सहा मोठी पथकं, निघाली. सुल्लाचे वरचे अधिकारी एक क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, सोडून सगळे त्याला सोडून गेले, स्वतःच्या शहरावर चालून जाणं त्यांना सहन होईना. सैनिक मात्र गेले. जमीनदारांच्या पोरांना रोम आपलं वाटत होतं, भूमिहीनांना वाटत नव्हतं. माझ्या लेखी प्रजासत्ताक त्या छावणीत संपलं. पुढे सीझरने रुबिकॉन नदीवर केलं ती पुनरावृत्ती.

आत्या : पण सुल्लानेच ८२ मध्ये डिक्टेटर होऊन जुनं सगळं बळकट करायचा प्रयत्न केला, हे तुला मान्य करावं लागेल. आधी याद्या लावल्या, नाव लागलेल्याला कोणीही मारावं आणि बक्षीस न्यावं, मालमत्तेचा लिलाव. ते भयंकर होतं. मग सिनेट दुप्पट केली, पदांचा क्रम आणि वयाच्या अटी बांधून दिल्या, ट्रिब्यूनचे पंख छाटले आणि स्वतः पदावरून उतरला. त्याचं डिक्टेटरपद सहा महिन्यांचं नव्हतं, बिनमुदतीचं होतं, तरी तो उतरला. मुदत परत आणायला त्याने मुदतच मोडली होती. ७० मध्ये त्याचेच दोन सहकारी, पॉम्पी आणि क्रॅसस, कॉन्सल झाले आणि त्यांनी त्याच्या व्यवस्थेचा गाभाच काढून टाकला. पॉम्पी तेव्हा पस्तीसचा, आधी एकही नियमित पद भूषवलेलं नाही, सिनेटचा सभासदसुद्धा नाही. सुल्लाचे नियम दहा-बारा वर्षांत गेले, त्याने दाखवलेली वाट राहिली.

भाची : आणि लोकांना पॉम्पीच हवा होता. ६७ मध्ये समुद्री चाच्यांमुळे रोमला धान्य मिळेना. गाबिनियस नावाच्या ट्रिब्यूनने कायदा आणला : सगळा भूमध्य समुद्र आणि किनाऱ्यापासून पन्नास मैल आत, एका माणसाला तीन वर्षं अधिकार द्या. सिनेट विरोधात होती. कायदा झाला, पॉम्पीचं नाव ठरलं, आणि वक्ता सिसेरो सांगतो की त्याच दिवशी धान्याचा भाव पडला. तीन महिन्यांत समुद्र मोकळा झाला. दरवर्षी बदलणाऱ्या दोन कॉन्सलांना जे इतकी वर्षं जमलं नाही ते एकाने केलं. समुद्रापार पसरलेला पसारा शहर चालवायच्या यंत्रणेने चालत नव्हता, आत्या.

आत्या : म्हणूनच मी म्हणते की यशस्वी अपवाद जास्त धोक्याचा. फसला तर लोक विसरतात. यशस्वी झाला की पुढच्या अडचणीत आधी तोच आठवतो.

भाची : आता ६२ घे. पॉम्पी पूर्व जिंकून ब्रुंडिसियमला उतरला. सगळ्यांना वाटलं, हा दुसरा सुल्ला. त्याने सैन्य मोडलं, माणसांना घरी पाठवलं. तुझी रीत त्याने शब्दशः पाळली. मग दोनच मागण्या केल्या : सैनिकांना जमीन आणि पूर्वेतल्या व्यवस्थेला मान्यता. सिनेटने दोन वर्षं ताटकळत ठेवलं. केटो, लुकुलस, मेटेलस या सिनेटरांनी मिळून अडवलं. सैन्य हातात असताना जे मागायचीही गरज पडली नसती, ते सैन्य सोडल्यावर मिळेना. मग त्याने सीझरचा हात धरला. ५९ मध्ये सीझरने आणलेला जमिनीचा कायदा मवाळ होता. पॉम्पीने आणलेल्या पैशातून, राजीखुशीने विकणाऱ्याकडून जमीन घ्यायची. त्यात चूक दाखवता येईना, तरी केटो दिवसभर बोलत राहिला, मतदान होऊ नये म्हणून. सीझर उठला आणि थेट लोकांच्या सभेत गेला. फोरम पॉम्पीच्या सैनिकांनी भरलेला. बिब्युलस अडवायला आला, त्याच्या डोक्यावर शेण ओतलं, त्याचे अधिकारदंड मोडले. केटो प्रामाणिक माणूस होता, यात शंका नाही. तोच मला या गोष्टीत सर्वांत मोठा गुन्हेगार वाटतो.

आत्या : केटोला भीती होती, की जमीन वाटणारा माणूस एवढा मोठा होईल की पुन्हा लहान होणार नाही. भीती खरी ठरली.

भाची : सिनेटने स्वतः वाटली असती तर?

आत्या : तर पॉम्पीला सीझरची गरज पडली नसती. इथे मी तुझ्यापुढे हरले, लिहून घे. पण मग ५० चं मतदानही लिहून घे. तोवर सीझर आणि पॉम्पी एकमेकांचे वैरी झाले होते. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी क्युरिओ नावाच्या ट्रिब्यूनने ठराव मांडला : सीझर आणि पॉम्पी, दोघांनीही सैन्य सोडावं. बाजूने ३७०, विरोधात २२. एवढं स्पष्ट मत सिनेटने क्वचितच दिलं असेल. मार्सेलस कॉन्सलने सभा मोडली, शहराबाहेर पॉम्पीकडे गेला आणि कोणताही ठराव नसताना त्याच्या हातात तलवार देऊन म्हणाला, देशाचं रक्षण कर.

इथे दोघींना थांबवून मला एक सांगायचं आहे. रुबिकॉन ओलांडणारा सीझर शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक असतो. ३७० विरुद्ध २२ हा आकडा बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. मला तो रुबिकॉनपेक्षा अधिक हलवतो. ३७० जण तिथे होते, त्यांना शांतता हवी होती, आणि सभा मोडली तेव्हा ते उठून घरी गेले. दीड महिन्याच्या आत, जानेवारी ४९ मध्ये, सीझर एक लिजन घेऊन नदीपार आला होता.

भाची : ते घरी गेले, कारण दोन्हीकडच्या सैन्यांपुढे त्यांच्या मताला किंमत उरली नव्हती. सीझरने सैनिकांचा पगार दुप्पट केला होता. सिनेटकडे काय होतं?

आत्या : सीझरचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला फक्त त्याच्या पदाची मुदत महत्त्वाची वाटते. ४६ मध्ये दहा वर्षांसाठी डिक्टेटर, ४४ च्या फेब्रुवारीत तहहयात. महिन्याभरात त्याला भोसकलं. साठाहून अधिक जण कटात, तेवीस जखमा. कटातल्या ब्रूटसला वाटलं, हा एक माणूस गेला की जुनं आपोआप उभं राहील.

भाची : उभं काय राहणार होतं? सीझरच्या जुन्या सैनिकांना जमिनी मिळाल्या होत्या किंवा मिळायच्या होत्या. सीझर जुलमी होता म्हटलं, तर त्याने दिलेलं सगळं रद्द होतं. म्हणून सिनेटने त्याच बैठकीत मारणाऱ्यांना माफीही दिली आणि सीझरचे निर्णयही कायम ठेवले. दीड वर्षाच्या आत एकोणीस वर्षांचा ऑक्टेव्हियन सैन्य घेऊन रोमच्या दारात होता. त्याच्यासाठी कॉन्सलपद मागायला आलेल्या शिपायाने सिनेटमध्ये तलवारीची मूठ दाखवली, तुम्ही नाही केलंत तर ही करेल. मग सीझरचे साथी अँटनी आणि लेपिडस यांच्याबरोबर तिघांचं राज्य, कायदा करून, पाच वर्षांच्या मुदतीचं. पुन्हा याद्या. सिसेरोचं शीर आणि हात फोरममध्ये टांगले. मग लढायांमागून लढाया : फिलिपी, ॲक्टियम, इजिप्त. ३० पर्यंत एकटा तोच उरला.

आत्या : आणि त्याने जे केलं ते आधी कोणाला सुचलं नव्हतं. सुल्ला आणि सीझर डिक्टेटर झाले. ऑगस्टसने नवं पद घेतलंच नाही. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद सोडलं. त्याऐवजी ट्रिब्यूनचा अधिकार घेतला, ट्रिब्यून न होता. प्रांतांवर कॉन्सलच्या तोडीचा, सगळ्या सुभेदारांवरचा अधिकार घेतला, कॉन्सल न होता. पद आणि अधिकार त्याने वेगळे काढले. पदाला मुदत होती, जोडीदार होता. अधिकाराला ठरलेला जोडीदार नव्हता. दोन कॉन्सल दरवर्षी येतच राहिले, सिनेट भरतच राहिली, निवडणुका होत राहिल्या. काहीही रद्द झालं नाही. वकील म्हणून सांगते, मी तो दावा चालवला असता तर त्याच्याविरुद्ध कुठलं कलम लावलं असतं, मला सापडत नाही.

भाची : लोकांनाही ते कलम नको होतं. २२ मध्ये पूर आला, दुष्काळ पडला. जमावाने सिनेटरांना सभागृहात कोंडलं. याला डिक्टेटर करा, नाहीतर तुमच्यासकट इमारत जाळतो. ऑगस्टसने गुडघे टेकून, अंगावरचे कपडे फाडून डिक्टेटरपद नाकारलं आणि धान्यपुरवठा तेवढा हाती घेतला. पुढे दोन लाख माणसांना फुकट धान्य मिळत होतं. आणि इ.स. ६ मध्ये त्याने जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिना. स्वतःचे सतरा कोटी सेस्टर्स घातले, वारसा आणि मृत्युपत्रांवर पाच टक्के कर बसवला. साध्या सैनिकाला सेवा संपल्यावर बारा हजार सेस्टर्स, जवळजवळ तेरा वर्षांचा पगार. सिनेटर त्या करावर चिडले. मारियसने भूमिहीनांना भरती केलं तेव्हाच हा कर बसवता आला असता. पैसा तेव्हाही होता. तो द्यायला नको म्हणून शंभर वर्षं ज्यांनी रक्त वाहू दिलं, त्यांच्या हातून प्रजासत्ताक गेलं तर मी कोणासाठी रडू?

आत्या : रडू नकोस. इ.स. १४ चा ऑगस्ट पाहा. ऑगस्टस वारला आणि काही आठवड्यांत डॅन्यूबकडच्या पॅनोनियातली तीन लिजन बंड करून उठली. तुझ्या खजिन्याला आठ वर्षं झाली होती. त्यांचा पुढारी पर्सेनियस, साधा शिपाई. तक्रारी काय होत्या? तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं सोडत नाहीत, आणि सोडलंच तर शेत म्हणून दलदल नाहीतर डोंगरउतार देतात. नवा सम्राट टायबेरियस याने मुलाला, ड्रुससला, पाठवलं. ड्रुसस म्हणाला, हे सिनेटला विचारावं लागेल. सैनिक संतापले. फटके मारताना, लढाईला पाठवताना सिनेटला विचारत नाही, आमच्या हक्काचं द्यायचं आलं की विचारता?

भाची : म्हणजे सैनिकांना सिनेटची किंमत बरोब्बर कळली होती. एकशेवीस वर्षांत तिने त्यांना काही दिलं नव्हतं.

आत्या : आणि ज्याने दिलं होतं, त्याच्या वारसाच्या मुलाने पर्सेनियसला ठार केलं. आता ४९४ आठव. परंपरा सांगते, कर्जाने पिचलेले सैनिक रोम सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले, लढणार नाही म्हणाले. बड्यांना तिथे जाऊन बोलणी करावी लागली आणि त्या बोलण्यांतून ट्रिब्यून हे पद निघालं. सैनिकांच्या संपातून. पाचशे वर्षांनी सैनिक पुन्हा अडून बसले, तेव्हा ट्रिब्यूनचा अधिकार कोणाकडे होता? टायबेरियसकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच खिशात.

भाची : ४९४ मध्ये त्यांच्यावाचून सैन्यच उभं राहत नव्हतं.

आत्या : इ.स. १४ मध्ये तरी कुठे राहत होतं? त्याच वर्षी टायबेरियसने निवडणुका मैदानातून उचलून सिनेटमध्ये नेल्या. इतिहासकार टॅसिटस लिहितो, लोकांनी थोडी कुरकुर केली, तेवढंच.

भाची : ज्या मैदानात त्यांची पाळी यायच्या आतच मतदान थांबायचं, त्यासाठी ते किती भांडणार, आत्या?

आत्या : ती कॉन्सलांची सभा, गं. ट्रिब्यून निवडणारी सभा वेगळी होती, तिथे संपत्तीप्रमाणे गट पाडत नसत. टायबेरियस ग्रॅकसला त्या सभेने निवडलं होतं, आणि तिथे त्यांची पाळी येत होती.